पाऊणकीचा समुद्र

गिरगाव चौपाटीवर सूर्य समुद्रात बुडत नाही. पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर सहा वाजता त्यांची तोंडं उतरतात. चौपाटी बॅकबेच्या आत वळलेली आणि पश्चिमेला मलबार हिल आडवी पसरलेली, त्यामुळे उन्हाळा असो की हिवाळा, सूर्य तिथल्या उंच इमारतींच्या मागेच जातो. पाण्यात बुडणारा लाल गोळा बघायचा तर मरीन ड्राइव्हच्या कठड्याकडेने चालत नरिमन पॉइंट गाठावा, किंवा सरळ जुहूला जावं. तरी मी पाहुण्यांना गिरगावलाच आणते. चर्नी रोडला उतरायचं, पुलावरून पश्चिमेला यायचं, की थोडं चाललं की पायाखाली वाळू. जुहूला स्टेशनपासून रिक्षा करा, ट्रॅफिकमध्ये अडका, आणि तेवढ्यात बरोबरच्या पोरांना भूक लागते.

तसं पाहुणे आल्याशिवाय आम्ही मुंबईवाले चौपाटीवर जातो कुठे? मी बोरिवलीला राहते, ऑफिस चर्चगेटला. मरीन लाइन्स आणि चर्नी रोडच्या मध्ये जिमखान्यांच्या मैदानांपलीकडे समुद्राची पट्टी दिसते. खिडकी मिळाली तर बघते, एरवी नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण संध्याकाळी सगळं लक्ष बोरिवली फास्टवर. चौपाटी मग रविवारी, सुट्टीत, गावाहून कुणी आलं तर. आणि जायची वेळ ठरते ती आपल्या सोयीनं. ऊन उतरलं की निघायचं, साडेपाचला पोचायचं, भेळ खायची, पोरांना पाण्यात पाय बुडवू द्यायचे, आठच्या आत परतीची गाडी. त्या वेळी समुद्र कुठे असेल याची चौकशी कुणी करत नाही. समुद्र जाऊन जाऊन कुठे जाणार, असं आपण धरून चालतो.

तो जातो. चांगला लांब जातो. आणि हे मला लातूरच्या आत्यानं दाखवावं लागलं.

मागल्या हिवाळ्यात आत्या आली, माझं नवं घर बघायला. औसा तालुक्यातली. सत्तरी ओलांडलेली, चौथी पास, आणि उभ्या आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. मोठं पाणी म्हणजे तिच्या लेखी मांजरा धरण, आणि तेही कधी भरलेलं तर कधी तळाला भेगा पडलेलं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी नेलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, तेव्हा ती लातुरात मुलाकडे होती आणि पहाटे उठून घागरींचा नंबर धरत होती. त्यामुळे तिला समुद्र दाखवताना मला वेगळीच धास्ती होती. ती आता म्हणणार, ‘एवढं पाणी, आन प्यायला थेंब नाही.’ दुष्काळी भागातल्या माणसाच्या तोंडी लिहिणारी मंडळी हे वाक्य हमखास घालतात. आत्या तसलं काही बोलली नाही.

रविवार होता, पाचचा सुमार. गर्दी म्हणाल तर नेहमीची. फुगेवाले, कुल्फीवाले, बंदुकीनं फुगे फोडायचा फळा, डोक्याला तेल लावून चंपी करून घेणारे काका, कॉलेजची पोरं, आणि कुठल्याशा टूरच्या बसमधून एकदम उतरलेली पन्नासएक माणसं. वाळू मात्र चिंचोळी, त्यामुळे सगळे एकमेकांच्या अंगावर. आत्यानं चपला काढून हातात घेतल्या, पाण्यापर्यंत गेली, ओंजळीतलं पाणी डोळ्यांना लावलं, जिभेला लावलं, ‘खारं हाय’ म्हणून खात्री करून घेतली आणि चार पावलं मागं येऊन नुसती उभी राहिली. बराच वेळ. मला वाटलं भारावली असेल. मी फोटो काढायला मोबाइल काढला.

"हे पाणी येलालंय का जालालंय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "लाटा येतात नि जातात, आत्या."

"लाटंचं नाही इचारलं. पाण्याचं इचारलं." मग तिनं वाळूकडे बोट केलं. "ती वली रेघ बघ. पाणी तिथवर आलतं. आता तिथवर येईना झालंय. म्हंजे माघारी फिरलंय न्हवं का?"

पाटाला पाणी सुटलं की ते कुठल्या सरीपर्यंत आलं नि कुठून परतलं हे बांधावर बसून बघण्यात जिचा जन्म गेला, तिला समुद्रातही पहिल्यांदा काठच दिसला. मला इतकी वर्षं लाटाच दिसत होत्या.

जवळच गळ्यात शिट्टी अडकवलेला एक जीवरक्षक उभा होता. पन्नाशीचा, वरळी कोळीवाड्यातला. त्यानं हे ऐकलं आणि हसला.

"बरोबर ओळखलंत, मावशी. साडेचारला भरली. आता ओहोटी लागलीय."

"साडेचारला भरली हे तुमी बघून सांगताव का कुठं लिवलेलं असतंय?"

"लिहिलेलं असतं, तक्ता येतो. पण आमचा आजा तक्ता थोडाच बघायचा? आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. झाली भरतीची वेळ."

"आज वद्य षष्ठी," आत्या म्हणाली, आणि श्वासही न घेता, "सहा पाऊण साडेचार."

जीवरक्षक बघतच राहिला. त्याला वाटलं, बाई किनाऱ्यावरच्याच कुठल्यातरी गावच्या. बाई होत्या चौथी पास, आणि त्या चौथीपर्यंत गुरुजींनी छडी घेऊन पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे घोकून घेतलेले. तिथी तर तिच्या तोंडावरच. चतुर्थी, एकादशी, प्रदोष धरणाऱ्या बाईला आज कोणती तिथी हे भिंतीवर बघावं लागत नाही. समुद्राचं गणित सोडवायला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी ती लातूरहून बरोबर घेऊन आली होती. फक्त समुद्र तेवढा नव्हता.

परतीच्या गाडीत तिनं पाऊणकी पुढे चालवली, माझ्यासाठी. चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला भरती तीनला. आठ पाऊण सहा, अष्टमीला सहाला. बारा पाऊण नऊ, द्वादशीला नऊला. दुपारी तशीच रात्री, कारण दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांच्या थोडं आत अंतर असतं. दोहोंच्या मध्यावर, साधारण सहा तासांनी, पूर्ण ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे पौर्णिमेला आणि अमावस्येला मध्यान्हीच्या आसपास भरती आणि संध्याकाळी दिवेलागणीला ओहोटी.

या शेवटच्या ओळीत चौपाटीला जाणाऱ्या माणसाला हवं ते सगळं आहे. अष्टमीच्या संध्याकाळी सहा वाजता गेलात तर समुद्र तुमच्या आधी येऊन बसलेला असतो. वाळू थोडी, माणसं फार. पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या संध्याकाळी जा, तीच चौपाटी ओळखू येत नाही. पाणी मागे, आणखी मागे, आणि ओल्या घट्ट वाळूचं मैदान तुमच्यापुढे मोकळं. रविवार आहे का हे आपण बघतो, तिथी कोण बघतो?

यामागचं कारण साधं आहे. चंद्र रोज सरासरी पन्नासएक मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागून तेवढीच उशिरा येते. तिथी म्हणजे तरी काय, चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकायला लागणारा वेळ. त्यामुळे एका तिथीला पाऊण तास हा हिशोब बसतो. इंग्रजी तारखेचा चंद्राशी काही संबंध नाही, म्हणून पंधरा तारखेला भरती कधी हे कुणालाच तोंडी सांगता येत नाही. पाऊणकीत पाव-अर्धा तास इकडेतिकडे होतो. होडी वाळूवरून पाण्यात ढकलायला तेवढं पुरतं.

आणि मुंबईच्या समुद्राला हा हिशोब लागू करण्यात अर्थ आहे, कारण इथलं पाणी खरोखरच हलतं. गोव्यात भरती-ओहोटीतला फरक दोन-सव्वादोन मीटरचा, मुंबईत उधाणाला तो साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, आणि वर खंभातच्या आखातात, भावनगरला, दहा मीटरच्या पुढे. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी धड चढतही नाही नि धड उतरतही नाही, त्याला कोळी भांग म्हणतात. सव्वाअकरा-बाराचं उधाण पावसाळ्यात मुसळधार पावसाशी गाठ घालतं तेव्हा दादरचा हिंदमाता परिसर तुंबतो, आणि महापालिका भरतीच्या वेळा जाहीर करते ती त्यासाठीच.

मला नादच लागला. घरी आल्यावर मी लक्षात राहिलेल्या एकेका दिवसाची तिथी काढायला लागले. पहिला अर्थातच २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. गुरुपौर्णिमा होऊन पाच दिवस झालेले, म्हणजे वद्य पंचमी-षष्ठीचा सांधा. पाच पाऊण पावणेचार, सहा पाऊण साडेचार. त्या दिवशीची ४.४८ मीटरची भरती दुपारी चारच्या आसपासचीच होती. वरून आलेलं पाणी नाल्यांतून समुद्रात जायचं, आणि ऐन त्या वेळी नाल्यांच्या तोंडाशी समुद्र उभा. त्या संध्याकाळी बोरिवलीपर्यंत गुडघाभर पाण्यातून चालत निघालेल्यांतली मी एक. पाऊस वेड्यासारखा पडत होता एवढंच आम्हाला कळत होतं, तिथीचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मग गणपती. दीड दिवसाचे गणपती पंचमीला जातात. पाच पाऊण पावणेचार, म्हणजे संध्याकाळी विसर्जनाला निघालेल्यांना उतरतं पाणी मिळतं. २०१३ मध्ये याच दीड दिवसाच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पाकट माशांनी पन्नासहून जास्त लोकांना डंख मारले होते. पाकट वाळूत अंग पुरून पडून राहतो आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. जीवरक्षकानं आम्हालाही तेच बजावलं होतं. पाण्यात शिरायचं तर पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत चला, म्हणजे तो आधीच पळतो. पोरांना पाण्यात सोडणाऱ्या प्रत्येक आईबापाला हे ठाऊक हवं, पण कुठल्या फलकावर मी ते वाचलेलं नाही.

आणि अनंत चतुर्दशी. चौदा पाऊण साडेदहा. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, तिचे सव्वाअकरा. मोठे गणपती रात्रभर मिरवत सकाळी चौपाटीवर पोचतात ते नेमके उधाणाची भरती चढत असताना. एरवी तराफा हे जमवून नेतो. २०२५ मध्ये ते जमलं नाही. लालबागचा राजा पौर्णिमेच्या सकाळी चौपाटीवर आला, पाणी चढलं, मूर्ती तराफ्यावर घेता येईना, आणि विसर्जन व्हायला रात्र झाली. दिवसभर टीव्हीवर चर्चा चालली होती, कुणाचं चुकलं, काय चुकलं. ज्याच्या दर्शनाला मुंबई दिवसच्या दिवस रांगेत उभी राहते, तो त्या दिवशी ओहोटीच्या रांगेत उभा होता.

एक गोष्ट मला या नादात उमगली, ती जागेबद्दलची. आम्हा मुंबईकरांच्या बोलण्यात जागेइतकं दुसरं काही येत नाही. माझं घर किती चौरस फुटांचं, हे आत्यानं विचारायच्या आधीच मी तिला सांगून टाकलं होतं. हे शहरच मुळात सात बेटं जोडून, मधल्या खाड्या बुजवून उभं केलेलं. मरीन ड्राइव्ह भरावावर, नरिमन पॉइंट भरावावर. ज्या खुर्शेद नरिमनांनी १९२० च्या दशकात बॅकबेच्या भरावातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला, त्यांचंच नाव पुढे त्या भरावाला मिळालं. अशा शहरात ही वाळू वाचली कशी? मला वाटतं, समुद्र दिवसातून दोनदा येऊन ताबा घेतो म्हणून. आणि जे सकाळी जमीन आणि दुपारी पाणी असतं, त्याचा सातबारा काढणार कसा? १९९१ मध्ये सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरचे नियम आले, त्यांतही किनाऱ्यापासून पाचशे मीटरचं मोजमाप सुरू होतं ते भरतीच्या रेषेपासून. सगळ्या बिल्डरांना माहीत असलेली ती रेषा म्हणजे आत्यानं बोट दाखवलेल्या ओल्या रेघेची मोठी बहीण.

कुणाच्या मालकीची नाही म्हणून ती सगळ्यांच्या उपयोगी पडली. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले तेव्हा सरदारगृहातून निघालेली अंत्ययात्रा पावसात भिजत इथे आली. एरवी अंत्यसंस्कार सोनापूरला व्हायचे, पण तेवढी माणसं तिथे मावणार नव्हती. सरकारकडून खास परवानगी मिळवून वाळूवर चिता रचली. आज तिथे त्यांचा पुतळा आहे. त्याच्या पायथ्याशी लोक बूट घालताना पाय टेकवतात ते मला आवडत नाही, पण बसायला दुसरा आडोसा नाही हेही खरं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात बायका इथून घागरी भरभरून समुद्राचं पाणी नेत होत्या. आता या चौपाटीजवळच किनारी रस्त्याचे दोन बोगदे जमिनीखालून बाहेर येतात, मलबार हिलच्या पोटातून दोन किलोमीटर खणलेले. २०२४ च्या मार्चपासून एकातून आणि जूनपासून दुसऱ्यातून गाड्या धावतात. ज्यांच्या गाड्या आहेत ते वरळीहून मिनिटांत येतात. आम्ही चर्नी रोडवाले पुलावरून येतो. समुद्राला दोन्ही सारखेच.

आत्याला पुन्हा एकदा चौपाटीवर जायचं होतं आणि दिवस तिनंच निवडला, अमावस्या. मला वाटलं, ती अवसेला घराबाहेर पडणार नाही. उलट तिनं मलाच झापलं. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे येळवस. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पुजायचे, अंबिल शिंपायची, आणि मग ओळखीपाळखीच्या सगळ्यांना बोलावून भज्जी नि बाजरीचे उंडे खाऊ घालायचे. "येळवसेला घरात बसत नसतेत," आत्या म्हणाली. शेत नाही तर नाही, चौपाटी तर आहे. आणि पंधरा पाऊण सव्वाअकरा, अधिक सहा, सव्वापाच, म्हणजे संध्याकाळी पाणी लांब गेलेलं असणार. तिनं मला सुट्टी टाकायला लावली. ऑफिसात कारण विचारलं, मी सांगितलं, अमावस्या. पुढे कुणी काही विचारलं नाही.

बोरिवलीहून फास्ट पकडून मुंबई सेंट्रलला स्लो घेतली. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात भज्जी. वालाच्या शेंगा, तुरीचे नि हरभऱ्याचे कोवळे दाणे, गाजर, मेथी, चिंच. दादरच्या बाजारात मी हे सगळं गोळा केलं होतं आणि आत्यानं प्रत्येक जुडीला नाक मुरडलं होतं. अंबिलीची बाटली झाकण घट्ट करून पिशवीत, तरी गाडीच्या डब्यात वास पसरलाच. समोरच्या बाईनं विचारलं, ताकाचं काय आहे? आत्यानं तिला पेलाभर दिली.

पाच वाजता आम्ही पोचलो आणि मी बघतच राहिले. चौपाटी दुप्पट-तिप्पट झालेली. परवा जिथे लाट पायांवर येत होती तिथे पोरं क्रिकेट खेळत होती, स्टंपा वाळूत घट्ट रोवून. पाणी पार पलीकडे. ओल्या वाळूत मलबार हिलच्या इमारती उलट्या पडलेल्या. हवेत वास मात्र होता, तो लपवण्यात अर्थ नाही. पाणी उतरलं की शहरानं समुद्रात टाकलेलं जे काही तळाशी असतं ते उघडं पडतं. चिंध्या, प्लॅस्टिक, निर्माल्याच्या पिशव्या. पालिकेचं यंत्र कोरडी वाळू चाळून जातं, ओल्या पट्ट्यापर्यंत ते पोचत नाही. पोहण्यासारखं हे पाणी नाही आणि मी कुणाला तसा सल्लाही देणार नाही. पाय भिजवावेत, घरी गेल्यावर धुवावेत.

आत्या वाकून चालत होती. मला वाटलं, शिंपले वेचतेय. तिनं हाक मारली. ओल्या वाळूत साबुदाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या पसरलेल्या, शेकड्यांनी, आणि त्यांची रचना अशी की मध्ये एक बारीक भोक आणि तिथून चहूकडे किरण निघाल्यासारख्या रांगा. आम्ही बसलो तशी सगळी हालचाल थांबली. हललो नाही, तर थोड्या वेळानं भोकातून एक खेकडा वर आला, करंगळीच्या नखाहून लहान, वाळूच्याच रंगाचा. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात कोंबायची, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घ्यायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची, एक पाऊल सरकायचं, पुन्हा तेच. भराभर, न थांबता. ओहोटी लागली की तो वर येतो आणि भरती यायच्या आत भोक बुजवून आत जातो. त्याच्या हातात सहा-सात तास, तेवढ्यात दिवसाचं जेवण उरकायचं. सगळी रांगोळी पुढच्या भरतीत पुसली जाते. मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाचा गट २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी मुंबईच्या किनाऱ्यांवर फिरवून हे सगळं दाखवतो. त्यांच्या फेऱ्यांची वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावर ठरते. रविवार सकाळ असेल तर तो निव्वळ योगायोग.

"ह्येला कोण सांगतंय, पाणी कव्हा येणार?" आत्यानं विचारलं. मी म्हटलं, त्याच्या शरीरातच घड्याळ असतं. ती म्हणाली, "मग बरंय. शाळंत मार खायचा वाचला."

मग तिनं पिशवीतून अंबिल काढली आणि ओल्या वाळूवर चार ठिकाणी थोडी थोडी शिंपली, शेतात शिंपतात तशी. क्रिकेटवाल्या पोरांनी थोडा वेळ बघितलं आणि पुन्हा बोलिंग सुरू केली. चौपाटीवर कुणी काहीही करत असलं तरी लोक फार वेळ बघत नाहीत, हा या जागेचा मला सगळ्यात आवडणारा गुण. भज्जी आम्ही वाळूवर चादर टाकून खाल्ली. जीवरक्षक त्या दिवशी दुसराच होता, तरी आत्यानं त्याला बोलावून पानावर वाढलं. नंतर रीतसर भेळही घेतली, कारण चौपाटीवर येऊन भेळ नाही खाल्ली तर लातुरात विचारतील. चौपाटीची भेळ माझ्या मते आता नावापुरती राहिली आहे. समुद्राच्या वाऱ्यानं कुरमुरे सादळतात आणि तिखट चटणीनं ते झाकलं जातं. आत्याला आवडली. पण तिनं कांदा कमी आहे म्हणून त्याला परत घालायला लावला.

सहाच्या पुढे मलबार हिलमागे उजेड गेला आणि मला मोबाइल बघायची हुक्की आली. भरती-ओहोटीचं ॲप मी त्या आठवड्यातच घेतलं होतं. त्यात आजची ओहोटी पाच पन्नासची दाखवत होती. आत्याच्या हिशोबानं सव्वापाच. मी तिला स्क्रीन दाखवली आणि म्हटलं, "आत्या, तुझी पाऊणकी पस्तीस मिनिटं चुकली."

आत्यानं चष्मा लावून स्क्रीन बघितली, चष्मा काढला, आणि पदरानं पुसत म्हणाली, "आन तुमची बोरिवली फास्ट तरी कव्हा टायमाला येती गं?"